मुलचेऱ्याची मासोळी आणि माझं गळकं रेडिएटर

माझा स्वभाव तापट आहे हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, या माणसाला झालं तरी काय. घरचे म्हणतात, गाडीचं इंजिन तापायला निदान दहा-वीस किलोमीटर लागतात, आमच्या माणसाला तेवढेही लागत नाहीत. म्हणोत बापडे. ज्या दिवशीचं सांगतोय त्या दिवशी आम्ही दोघंही तापलो, गाडीही आणि मीही, आणि थंड डोक्यानं जे जे करायचं होतं ते सगळं दुसऱ्याच माणसांनी केलं.

माझ्याकडे जुनी पिकअप आहे. आमच्या सावली गावाच्या आसपास धानाची पोती, सिमेंट, पत्रे, लग्नाची भांडी, विहारातल्या कार्यक्रमाच्या खुर्च्या, ज्याला जे हवं ते मी वाहून देतो. जिवंत माल मात्र घेत नसे. बकऱ्या नाही, कोंबड्या नाही. पोतं वाटेत मरत नाही, बकरी मरते, आणि मग शिव्या ड्रायव्हरला. त्यामुळे जुलैत एका संध्याकाळी ताई घरी आली आणि म्हणाली की मुलचेऱ्याकडून मासोळीचं बीज, म्हणजे पाळायची बारीक पिल्लं, आणायचं आहे, तेव्हा मी जेवता जेवता हात झटकला.

"दुसरा गाडीवाला पाह्य. मासोळ्या-बिसोळ्या माह्या गाडीत नाई."

"बाबू, मी तुले सांगून राह्यली, इचारून नाई राह्यली," ताई म्हणाली आणि माझ्या ताटात आणखी भात वाढला.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. शेती करते, आणि गावातल्या अकरा बायांचा तिचा एक गट आहे. त्यांनी त्या वर्षी ग्रामपंचायतीकडून बोडी मागून घेतली होती. बोडी म्हणजे आमच्याकडे शेताशेतांच्या मधलं लहान तळं. ही बोडी तर कैक वर्षं नुसती बेशरमाच्या झाडोऱ्यानं भरलेली. ग्रामसभेत बायांनी ती मासे पाळायला मागितली तेव्हा गडीमाणसं खो खो हसली. "बाया मासे राखतील, आन आमी काय चुली फुकाच्या?" कोणीतरी म्हणालं. शेवटी ठरलं, एक वर्ष द्या. पुढच्या उन्हाळ्यात बोडीत मासे दिसले तर बोडी बायांकडेच राहील, नाही दिसले तर दुसऱ्याला. हसणाऱ्यांत मी पहिल्या रांगेत होतो. आता खोटं कशाला बोलू.

पण बाया हसल्याबिसल्या नाहीत. महिनाभर त्यांनी बेशरम उपटलं, जाळं ओढून पिल्लं खाणारे खादाड मासे बाहेर काढले, चुना मारला, शेणखत टाकलं. ताईच्या तळहातांना फोड आले होते ते मी त्या रात्री भात वाढताना पाहिले. पहाटे निघालो.

मुलचेऱ्याच्या भोवती बंगाली लोकांची गावं आहेत. त्यांचे वाडवडील फाळणीनंतर इकडे वसवलेले. त्यातल्या एका गावात एक म्हातारे गृहस्थ मासोळीचं बीज तयार करतात. आम्ही त्यांना दादा म्हणतो. सत्तरीचे, अंगानं वाळलेले, कमरेला लुंगी, आणि हात कोपरापर्यंत कायम ओले. मराठी, हिंदी आणि बंगाली एकाच वाक्यात बोलतात, आणि तरीही त्यांचं सगळं समजतं.

"लास्ट माल हाय भाऊ," ते मला म्हणाले. "या साल का सब गेला. तुमच्या दीदीसाठी ठेवला. हे गेलं तर आता पुढल्या पावसात."

म्हणजे दुसरी खेप नाही. हे माझ्या डोक्यात तिथंच शिरायला हवं होतं.

त्यांनी माझ्या गाडीच्या डाल्यात, म्हणजे मागच्या हौद्यात, जाड ताडपत्री अंथरली, तळ्याचं पाणी भरलं आणि त्यात बीज सोडलं. गव्हाच्या दाण्यापासून बोटाच्या पेरापर्यंतची पिल्लं, रोहू, कटला, मृगळ. त्यांना दादा पोना म्हणतात. पाण्यात नुसती वळवळ, जणू पाण्यालाच जीव आला होता. मग दादांनी डाल्यावर एक फळी आडवी टाकली, तिच्यावर बसले आणि दोन्ही हात पाण्यात घालून ते हलवायला लागले.

"हे काय, तुम्ही येता का?"

"मग? पानी कोण हलवणार? पानी हललं तर हवा मिळते. पानी थांबलं, पोना खतम." मग हसून म्हणाले, "रस्ता खराब असला ना, तर लई बढिया. गाडी उसळते, पोना खूष."

त्या रस्त्याला मी वीस वर्षं शिव्या देतोय. त्या रस्त्याचं कौतुक करणारा माणूस मला जन्मात पहिल्यांदा भेटला.

निघताना गाडीखाली जमिनीवर हिरवट पाण्याचा एक ठिपका दिसला. मी स्वतःशी म्हणालो, एसीचं पाणी असेल. माझ्या पिकअपला एसी नाही. कधीच नव्हता. पण निघायची घाई असली की माणूस स्वतःला काय वाट्टेल ते सांगतो, आणि वर ते ऐकतोही.

घोट गावाच्या बाजूनं जंगलातून निघालो. त्या आठवड्यात पावसानं दडी मारली होती आणि ऊन असं की जुलै आहे की मे कळत नव्हतं. मागे फळीवर दादा पाणी हलवत होते, खड्डा आला की त्यांचं "हां!" ऐकू यायचं, आणि मला खरं सांगायचं तर मजा वाटायला लागली होती. मग इंजिनाच्या तापमानाचा काटा चढायला लागला. आधी वाटलं, चढ आहे म्हणून. मग बॉनेटच्या फटीतून वाफ आली आणि कूलंटचा तो गोडसर वास केबिनमध्ये भरला. मी गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

लगेच मागून केबिनवर थापा. "भाऊ! काऊन थांबली? थांबू नका!"

"अहो, इंजिन जाईल! पाणी सांडलं पूर्ण!"

"इंजिन जाईल तर नवीन येईल. पोना जाईल तर?"

घ्या. इंजिनाला थांबायलाच हवं होतं आणि मासोळीला चालायलाच हवं होतं. आणि मी मध्ये. मोबाइलला टॉवर नव्हता. आजूबाजूला सागाचं जंगल, आणि रस्त्याच्या डाव्या हाताला झाडं तोडून केलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं. त्यांत दहा-बारा बाया ओळीनं वाकून रोवणा, म्हणजे धानाची लावणी, करत होत्या, आणि पलीकडे दोन-तीन घरं. रस्ता आणि बांध्या यांच्या मधून एक नाला वाहत होता.

बॉनेट उघडलं आणि रागानं सरळ रेडिएटरच्या झाकणाला हात घालणार होतो. तिथं माझी अक्कल जागी होती म्हणून वाचलो. तापलेलं झाकण उघडलं तर उकळतं पाणी तोंडावर येतं, एवढं मला वीस वर्षांत समजलेलं आहे. गोणपाट ओलं करून रेडिएटरवर टाकलं आणि वाट बघत बसलो. वाट बघणं हा माझा प्रांत नाही. दहा मिनिटांत मी नशिबाला, रस्त्याला, सरकारला आणि ताईला, सगळ्यांना बोलून घेतलं.

इकडे दादा एकटेच पाणी हलवत होते. आता गाडी उसळत नव्हती, त्यामुळे सगळं त्यांच्या दोन हातांवर. एका टोकाला हलवलं की दुसऱ्या टोकाची पिल्लं वर येऊन तोंडं उघडायची, की ते फळीवरून घसरत तिकडे जायचे. सत्तरीचा माणूस. मी मदतीला डाल्यात चढायला गेलो तर त्यांनी कोपरानं ढकललं.

"तुमच्या हाताले ते हिरवं पानी हाय. जहर हाय ते. खाली राहा."

माझ्याच गाडीतून मला हाकललं. पण खरं होतं, माझे हात मनगटापर्यंत हिरवे होते.

तोवर बांधीतल्या बायांनी मान वर करून बघितलं होतं. त्यांतली एक वयानं मोठी, उंच बाई चिखलातून बांधावर आली, आणि तिथून रस्त्यावर. माडिया-गोंडांचं गाव होतं ते, पण ही बाई मराठी बोलत होती.

"का झालं भाऊ? गाडीत का हाय?"

"मासोळ्या," मी म्हणालो. "जित्या. पाणी हलवलं नाही तर मरतात."

तिनं डाल्यात वाकून पाहिलं. मग बांधीकडे तोंड करून तिच्या भाषेत मोठ्यानं काहीतरी ओरडली. त्यातला 'मीन' एवढाच शब्द मला कळला, म्हणजे मासा. आणि बघतो तर काय, बाया हातातल्या रोपांच्या जुड्या तिथंच टाकून निघाल्या. नाल्यात हात-पाय खळखळून धुतले आणि पाच-सहा जणी डाल्याला चारी बाजूंनी लागल्या. दादांनी एकदा हाताची ओंजळ करून दाखवलं, पाणी उचलायचं आणि वरून सोडायचं, बस. त्यांना दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. मी कधी एवढ्या लवकर काही शिकलेलो नाही.

झाकण आता हाताला सोसेल एवढं झालं होतं. उघडलं, आत ठणठणाट. नाल्याचं पाणी आणून ओतलं तर रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यातून बारीक धार लागली. दगड लागून एक नळी फुटली होती. डॅशबोर्डात हळदीची पुडी असते माझ्या. आमच्यात सगळे ड्रायव्हर ठेवतात, बारीक गळती असली तर रेडिएटरमध्ये हळद टाकली की बुजते. टाकली. हिरव्या पाण्याऐवजी पिवळं पाणी यायला लागलं. गाडीला हळद लागली, पण नवरदेव काही उठला नाही. बाया हसल्या. मी त्यांच्याकडे डोळे वटारून पाहिलं, तर आणखी हसल्या.

आता पक्कड घेऊन जाळी कापून ती नळीच चेपून बंद करायची, एवढा एकच उपाय होता, आणि त्याला वेळ लागणार होता. ऊन डोक्यावर यायला लागलं होतं. दादांनी डाल्यातल्या पाण्यात कोपर बुडवून पाहिलं आणि मान हलवली. पाणी तापत होतं. नुसतं हलवून आता भागणार नव्हतं. "नाल्यात ठेवू," ते म्हणाले. "वाहतं पानी थंडं हाय. कापड पायजे, बारीक. झोळी करायची."

कापड! मला समोरच दिसलं. पलीकडच्या घराच्या कुंपणावर एक मच्छरदाणी वाळत घातली होती. कोरी करकरीत, बारीक छिद्रांची. देवानं धाडल्यासारखी. मी त्या उंच बाईला म्हणालो, ती आणा. ती जरा थबकली. "ते?" म्हणाली. "हो, ते, ते! लवकर!" मी खेकसलो. तिनं एकीला धाडलं, मच्छरदाणी आली. दादा डाल्यात पाठमोरे होते, पाण्यात हात. मी मच्छरदाणी नाल्यात पसरली, दोन बायांना टोकं धरायला लावली, बायांकडून दोन बादल्या बीज भरून घेतलं आणि झोळीत ओतायला लावलं. मला वाटलं, बघा, शेवटी डोकं कोणाचं चाललं.

पिल्लं आधी छान पसरली. मग गोल गोल फिरायला लागली. मग एकेक आडवी होऊ लागली, पांढरं पोट वर.

"दादा!" मी ओरडलो.

ते उतरून आले. एक नजर मच्छरदाणीवर टाकली, आणि त्यांचा चेहरा पडला. "सरकारी?" त्यांनी विचारलं. "दवाईवाली?"

वैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या आमच्या जिल्ह्यांत हिवतापापायी घरोघरी औषध लावलेल्या मच्छरदाण्या वाटतात. त्या नाल्यात, तळ्यात धुऊ नका, मासे मरतात, हे आरोग्याच्या बाया दारोदार सांगून जातात. लहान पोरालाही पाठ असतं. आणि मी? त्या मच्छरदाण्यांचे गठ्ठे मी स्वतः माझ्या गाडीतून वाहिले आहेत, उतरवताना डोळे चुरचुरले म्हणून कटकटही केली आहे. ज्या माणसाला सगळ्यांत आधी कळायला हवं होतं, त्यानंच दोन बादल्या जीव त्या औषधात ओतले.

उंच बाई हळूच म्हणाली, "नर्सबाईनं सांगतलं होतं. पण तुमी गाडीवाले, तुमाले मालूम असन वाटलं."

मला तिथं नाल्याच्या काठावर रडू आलं. लाजेनं. ताईचे फोड आलेले तळहात डोळ्यांपुढे आले. मी तसाच खाली बसलो.

दादांनी मला शिवी द्यावी, दोन थोबाडीत द्याव्या, मी खाल्ल्या असत्या. त्यांनी मेलेली पिल्लं पाहिली, एकदा डोळे मिटले, आणि लगेच कामाला लागले. मच्छरदाणी बाहेर काढायला लावली, नाल्यापासून लांब सुक्या जमिनीवर टाकायला लावली. उंच बाईनं एकीला खालच्या अंगाला पळवलं, तिकडे कोणी मासे धरत असेल तर आज खाऊ नका म्हणून सांगायला. दादा ताज्या पाण्यात हात चोळून चोळून धुत म्हणाले, "वरच्या अंगाला चला. औषध खाली वाहून जाते, वर येत नाही. कापड दुसरं."

आता कापड आणायचं कुठून? बाया आपसांत काहीतरी बोलल्या. मग बांधावर पळसाच्या सावलीत त्यांच्या डब्यांजवळ गाठोडी ठेवली होती ती त्यांनी आणली. रोवणा करणारी बाई दिवसभर चिखलात भिजते. संध्याकाळी घरी जाताना नेसायला एक कोरडं लुगडं बांधून आणते. ती त्यांची कोरडी लुगडी होती. एकेक करून दादांसमोर धरली. दादांनी त्यांतलं एक चांगलं, गडद रंगाचं बाजूला सारलं. "नवीन नको, रंग सुटते. जुनं द्या, धुऊन धुऊन पातळ झालेलं." मग जुनी तीन निघाली, इतकी विरलेली की त्यांतून हात दिसत होता. दादांनी ती गाठी मारून जोडली.

नाल्याचा तळ सगळा खडक. खुंट रोवायला गेलो तर खुंट रोवेना. मग काय करायचं? करायचं काय, आठ बाया पाण्यात उतरल्या आणि झोळीच्या कडा हातांत धरून उभ्या राहिल्या. मांडीपर्यंत पाणी, डोक्यावर ऊन. बाकीच्यांनी डाल्यातून बादल्या आणल्या, दादा प्रत्येक बादली हळूच तिरपी करून झोळीत सोडत. पिल्लं वाहत्या पाण्याला तोंड करून एका दिशेनं उभी राहिली, तेव्हा दादा पहिल्यांदा हसले.

"जा," ते मला म्हणाले. "आता तुमची गाडी."

मी गाडीखाली शिरलो. पुढची जाळी काढली, फुटक्या नळीच्या दोन्ही बाजूंची बारीक पत्र्याची जाळी पक्कडीनं उचकटली, नळी भोकाच्या वर आणि खाली चेपली, दुमडली, पुन्हा चेपली. बोटं कापली. घाम डोळ्यांत गेला. पाणी ओतलं, थेंब आला, पाणी पुन्हा उतरवलं, नळी पुन्हा चेपली. अधूनमधून नाल्याकडे पाहायचो. त्या तशाच उभ्या. एखादीचे हात भरून आले की बांधावरची दुसरी पाण्यात उतरायची, तिच्या हातात कड द्यायची आणि ही बाहेर येऊन बोटं उघडझाप करायची. कोणी कोणाला सांगत नव्हतं. मध्येच एक जण काहीतरी बोलायची आणि सगळ्या हसायच्या. माझ्यावरच हसत असणार. हसू देत, म्हटलं.

मला कळत होतं की रोवणा थांबला आहे. उपटलेली रोपं उन्हात पडली होती, आणि रोवण्याच्या दिवसांत एक दुपार म्हणजे काय हे मला, शेतकऱ्याच्या मुलाला, कोणी सांगायला नको. उंच बाईनं दोघींना पाठवून त्या जुड्या पाण्यात ठेवायला लावल्या, बस्स. तिची सगळी काळजी तेवढ्यात आटोपली. मला त्या बाईबद्दल काय वाटलं ते नीट सांगताच येत नाही. मी आयुष्यात बरेच मोठे लोक मंचावर बघितले, हार घातलेले. त्यांतल्या एकाबद्दल मला एवढा आदर वाटला नव्हता.

दोन तास गेले. धार थांबली. रेडिएटरचं झाकण मी पूर्ण आवळलं नाही, पहिल्या खाचेवर ठेवलं, म्हणजे आत दाब धरणार नाही आणि चेपलेली नळी पुन्हा फाटणार नाही. दोन कॅन पाणी भरून घेतलं. डाल्यातलं तापलेलं पाणी काढून नाल्याचं थंड पाणी भरलं, आणि बायांनी बादल्यांची रांग लावून बीज परत आणलं. शेवटची बादली आल्यावर दादा त्या उंच बाईच्या पायांना हात लावायला वाकले. ती दोन पावलं मागे सरकली. "अरे, अरे! बुढ्या माणसानं काय करता?" म्हणाली. "जा, जा, लवकर जा. पानी तापन."

"जोहार, बाई," मी त्यांच्या रीतीनं हात जोडून म्हणालो.

लुगड्यांचं काय झालं? एकाचं मधोमध फाटलं होतं. बाकीची ओली. त्या दिवशी त्या बाया ओल्यानंच घरी गेल्या असणार.

पुढचा रस्ता मी हळू गेलो, दर थोड्या वेळानं थांबून पाणी पाजत. चामोर्शीला, गडचिरोलीला मेकॅनिक होते, पण थांबलो नाही. मागून दादांचं "हां!" ऐकू येत होतं तोवर ठीक होतं. कधी ऐकू आलं नाही की मी मुद्दाम एखादा खड्डा शोधायचो. वैनगंगेचा पूल ओलांडला तेव्हा ऊन उतरलं होतं.

बोडीवर अकराच्या अकरा बाया सकाळपासून बसून होत्या. गाडी पाहून उठल्या. कोणी काही विचारण्याआधी मीच बोलून टाकलं, सगळ्यांसमोर. म्हटलं, "ताई, दोन बादल्या मेल्या. माह्या हातानं. औषधाच्या मच्छरदानीत टाकल्या मी."

ताईनं माझ्याकडे पाहिलं. माझे कापलेले हात पाहिले. "मेलेल्या काऊन मोजून राह्यला?" ती म्हणाली. "जित्या दाखव."

दादांनी लगेच सोडू दिलं नाही. बोडीचं पाणी थोडं थोडं डाल्यात ओतायला लावलं, म्हणजे पिल्लांना ते सवयीचं होईल. मग बाया पाण्यात उतरल्या, बादल्या पाण्याला लावून हळूच कलत्या केल्या, आणि बीज गढूळ पाण्यात दिसेनासं झालं. एकीनं हळूच डोळे पुसले, मग सगळ्याच बोलायला लागल्या.

रात्री सावलीला रेडिएटर काढून डाग मारून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी दादांना घेऊन परत निघालो. ताईनं त्यांच्यासाठी तांदूळ बांधून दिले होते, ते त्यांनी मांडीवर घेतले होते. घोटच्या पुढे ती जागा आली. बाया आता पुढच्या बांधीत होत्या, तशाच ओळीनं, वाकून. मी गाडी थांबवली आणि हॉर्न दिला. उंच बाईनं मान वर केली, हात डोळ्यांवर धरला.

"पोचल्या का?" तिनं तिथूनच ओरडून विचारलं.

"पोचल्या, बाई! पोचल्या!"

तिनं ओळीकडे वळून सांगितलं. सगळ्या हसल्या, एकीनं चिखलाचे हात वर केले. मग ती उंच बाई पुन्हा माझ्याकडे वळली.

"कोनाच्या होत्या?"

मी गाडीच्या दाराला धरून उभा राहिलो. काल दोन तास या बाया त्या नाल्यात उभ्या होत्या. रोवणा टाकून, आपली कोरडी लुगडी भिजवून. आणि त्या मासोळ्या कोणाच्या, हे एकीनंही विचारलं नव्हतं. मीही सांगितलं नव्हतं.

"बायांच्या," मी ओरडलो. "सावलीकडच्या अकरा बायांच्या. बोडी घेतली त्यांनी. माही बहीण हाय त्यात."

"बायांच्या?" तिनं पुन्हा विचारलं. मग ओळीकडे वळून सावकाश सांगितलं. या वेळी कोणी हसलं नाही. एकेक करून सगळ्यांनी कंबर सरळ केली आणि चिखलात उभ्या राहून बराच वेळ आमच्या रिकाम्या गाडीकडे पाहत राहिल्या. मग उंच बाईनं जुडी उचलली आणि सगळ्या पुन्हा वाकल्या.